क्रँकबेटला दोरी कोणती लावावी? (आधी पानशेतला सराव, मग टेक्सासला बास)

कर्वेरोडकर
नमस्कार मंडळी. तीसेक वर्षं गळ टाकतोय. कणकेचा गोळा आणि गांडूळ यांवर बराच काळ काढला, गेल्या सहा-सात वर्षांत स्पिनर आणि चमचे वापरायला लागलो. क्रँकबेट (ओढलं की पुढच्या ओठामुळे पाण्यात खाली जाणारं, माशासारखं आमिष) मात्र नवीन आहे माझ्यासाठी.
मार्चमध्ये लेकीकडे टेक्सासला जातोय. जावईबापू तिथल्या लेक फोर्क तळ्यावर लार्जमाउथ बास माशासाठी नेणार आहेत. त्यांनी दिवाळीत आले तेव्हा चार क्रँकबेट दिली. दोन चौकोनी ओठांची, बुटकी. दोन लांब ओठांची, खोल जाणारी. रॉड तिकडे मिळेल, रीळ मी इथून माझं नेतोय (स्पिनिंग, २५०० साइझ), त्यावर दोरी भरूनच न्यायची आहे.
घरात तीन प्रकारची दोरी आहे: ०.४० मिमीचं नायलॉन, १० पौंडी (पौंड म्हणजे तुटण्याची ताकद) फ्लुरोकार्बन, तेही नायलॉनसारखं एकसंध पण ताठ, आणि २० पौंडी ब्रेडेड, बारीक धागे विणलेली. दुकानदार म्हणाला, "काका, जितकी मजबूत तितकी चांगली." मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही तेही सांगता येईना. पानशेतच्या बॅकवॉटरला ०.४० वर खोल जाणारं क्रँकबेट ओढून पाहिलं, ते वरच्या वरच पोहत आलं. माझं काय चुकतंय?

भोरचा_बाळू
काका तंगूस, म्हंजी नायलॉनच, लावा न बिनघोर राहा. आमच्या आज्यापासून भाटघरच्या पाण्यात तंगूसच चालतंय. बाकी सगळी दुकानदाराची भर.

मुळशीकर
ब्रेडेड. विषय संपला. २० पौंडी ब्रेडेड साधारण ०.२३ मिमीची असते, म्हणजे तुमच्या नायलॉनच्या जवळपास निम्मी जाड. लांब फेकली जाते, ताणत नाही, क्रँकबेटचा ओठ दगडाला लागला तरी हाताला कळतं.

नदीकाठ
मुळशीकर, पाच वर्षं प्रत्येक धाग्यावर तुमचा विषय पहिल्या प्रतिसादातच संपतो :)

शिवगंगा
कर्वेरोडकर काका, मुळशीकरांशी मी अर्धीच सहमत आहे. मागच्या हिवाळ्यात माझ्या सरळ ब्रेडेडवर, मध्ये काही न लावता, क्रँकबेट होतं. रॉडही कडक, फ्रॉगसाठी (बेडकासारख्या आमिषासाठी) घेतलेला. मोठा मासा लागला, त्याने एकच झटका दिला आणि सुटला. दोरी शाबूत, गाठ शाबूत. आमिष ओढून आणलं तर तीन काट्यांपैकी एक सरळ झालेला आणि दुसऱ्यावर ओठाची पातळ कातडी. ती कातडी बघून फार वाईट वाटलं. मासा सुटला याचं नाही, तो तोंड फाटून गेला याचं.
क्रँकबेटचे तीनतोंडी गळ बारीक तारेचे असतात, ते टोचतात पण खोल रुतत नाहीत. माशाने डोकं झटकलं की कुठेतरी थोडं लवचीक हवं, नाहीतर भोक मोठं होत जातं. माझ्याकडे दोरीत लवचीकपणा नव्हता, रॉडमध्येही नव्हता. उरलं काय, माशाचं तोंड.

मुळशीकर
शिवगंगा ताई, तुमचा मासा दोरीने घालवला नाही, रॉडने घालवला. फ्रॉगचा रॉड क्रँकबेटला चालतच नाही. मध्यापासून वाकणारा मऊ रॉड, ड्रॅग (माशाने ओढलं की दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) थोडा सैल, म्हणजे ब्रेडेडवरही मासा टिकतो. आणि हो, शेवटचा चार-पाच फूट फ्लुरोकार्बनचा लीडर (मुख्य दोरी आणि आमिष यांच्यामधला तुकडा) हवाच, तो मी गृहीत धरला होता. लिहायला हवं होतं.

शिवगंगा
लीडर गृहीत धरणारे तुम्ही अनुभवी, मी तेव्हा नवखी होते. काकांनाही ते माहीत नसेल, म्हणून लिहिलं. रॉडबद्दलचं मान्य.

दशांश
काका, तुमचं आमिष वरच्या वर का आलं ते आधी बघू. वजन आणि ताकद बाजूला ठेवा, जाडी बघा. क्रँकबेट ओठाच्या जोरावर खाली जातं आणि मागची सगळी दोरी पाण्यातून ओढत नेतं. दोरी जितकी जाड, तितकी ती पाण्याला अडते आणि आमिषाला वर खेचते. पंचवीस मीटर दोरी पाण्यात असली की हा अडथळा बराच होतो. ०.४० वरून ०.२८ वर आलात की तेच आमिष खोल जाईल, काहीही न बदलता.
आता तीन पदार्थ. नायलॉन पाण्यापेक्षा किंचित जड (घनता साधारण १.१४), हळूहळू बुडतं. फ्लुरोकार्बन बरंच जड (१.७८ च्या आसपास). ब्रेडेड पॉलिथिलीनची, ०.९७, तरंगते. दिसण्याच्या बाबतीत, पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या जवळ. म्हणजे फ्लुरोकार्बन पाण्यात कमी उठून दिसतं, पण अदृश्य होत नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो.
एक सवय लावून घ्या, दोरी मोजा. मी भोसरीत टूलरूमला आहे, मायक्रोमीटर हाताशी असतो. मागे ०.२८ छापलेलं नायलॉन आणलं, मोजलं तर ०.३४. म्हणजे ताकद मिळत होती ती जाडीची, दर्जाची नव्हती. मोजताना रॅचेट (ठरावीक दाबानंतर घसरणारी मागची मूठ) वापरा, बोटाने आवळलंत तर नायलॉन दबतं आणि आकडा खोटा येतो. तीन जागी मोजा, दोरी थोडी फिरवून पुन्हा मोजा. स्वस्त दोरी गोल नसते, ती एका बाजूने चपटी भरते.

भोरचा_बाळू
दशांशभाऊ ०.३४ च तंगूस माझ्याकडं द्या, वांब मासा धरायला बेस हाय.

कर्वेरोडकर
दशांश, डोक्यात प्रकाश पडला. माझ्या तिन्ही दोऱ्या मोजायला कुठे येऊ?

दशांश
रविवारी सकाळी डेक्कनला असतो, मायक्रोमीटर खिशात घालून येतो. व्यक्तिगत निरोप करतो.

डॅलसकर
काका, मी लेक फोर्कपासून गाडीने दीड-दोन तासांवर राहतो, तिथे वर्षातून आठ-दहा फेऱ्या होतात. मूळचा सदाशिव पेठेतला.
फोर्कची एक गोष्ट आधी समजून घ्या. तळं भरलं तेव्हा बरीचशी झाडं तशीच उभी ठेवली. अजून पाण्यात खुंट आणि फांद्या आहेत, बास त्यांच्या सावलीला बसतात. त्यामुळे तुमचे दोन प्रकार म्हणजे दोन वेगळी कामं आहेत.
चौकोनी ओठांचं आमिष खुंटांवर आपटवायचं असतं. ते लाकडाला लागून उसळतं आणि त्याच क्षणी मासा घेतो. खोली तीन ते पाच फूट, तिथे पातळ दोरीचा फायदा नाही. तिथे लोक १५ ते १७ पौंडी फ्लुरोकार्बन लावतात, घासून टिकावी म्हणून. जाड दोरीने आमिष जरा वर राहतं, तेही बरंच. सरळ ब्रेडेड तिथे नको. मासा खुंटाला फेरी मारतो आणि ब्रेडेड लाकडात करवतीसारखी रुतून बसते, मग ना मासा येतो ना आमिष.
लांब ओठांचं आमिष उघड्या पाण्यात, उतारांच्या कडेला. त्याला १० किंवा १२ पौंडी फ्लुरोकार्बन. लांब फेका. आमिषाला पूर्ण खोलीवर जायला अंतर लागतं आणि किनाऱ्याजवळ ते पुन्हा वर येतं, त्यामुळे फेक जितकी लांब तितका वेळ ते खाली राहतं. रीळ हळू फिरवा.
मार्च म्हणजे तिकडे अंडी घालायच्या आसपासचा काळ, मासे उथळ पाण्यात सरकतात. म्हणून चौकोनी ओठाच्या आमिषावर जास्त भर द्या.

कर्वेरोडकर
डॅलसकर, हे सोन्यासारखं लिहिलंत. मासा मिळाला तर ठेवायचा की सोडायचा?

डॅलसकर
फोर्कला १६ ते २४ इंचांमधला बास सोडावाच लागतो. त्याखालचे चालतात, आणि दिवसाला २४ इंच किंवा त्याहून मोठा फक्त एक. एकूण पाचची मर्यादा. लायसन्स बाहेरून आलेल्यांनाही लागतं, ऑनलाइन मिळतं, ते जावईबापूंकडून आधीच काढून घ्या. टेक्सासचा विक्रमी बास याच तळ्यातला, १९९२ सालचा, १८.१८ पौंड, म्हणजे सव्वाआठ किलोच्या जवळ. आणि आमिषं चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेतले गळ अडवले जाऊ शकतात. एकेका गळावर बुचाचा तुकडा खोचा, नाहीतर सामान तपासणाऱ्याच्या बोटात जाईल.

नदीकाठ
जगाचा विक्रम २२ पौंड ४ औंस ना? जॉर्जियात १९३२ मध्ये, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात बरोबरी झाली. नव्वद वर्षांत एकदाच बरोबरी व्हावी, हे वाचून मला दर वेळी आश्चर्य वाटतं.

पवनाकाठची_मनीषा
एक वेगळा मुद्दा, धाग्याच्या थोडा बाहेरचा पण दोरीचाच. मागच्या वर्षी पवनेच्या काठावर एक बगळा सापडला. पायाला नायलॉनचा गुंता, त्यात काडी अडकलेली. कात्री नव्हती, दाताने तोडली दोरी. एका पायाचं बोट काळं पडलं होतं. तोडलेली दोरी काठावर टाकू नका, कृपा करून. फ्लुरोकार्बन तर वर्षानुवर्षं तशीच राहते. मी खिशात प्लास्टिकची डबी ठेवते, दोरीचा प्रत्येक तुकडा त्यात. भरली की घरी आणते.

शिवगंगा
मनीषा, डबीची कल्पना आजपासून माझी. जुनी फिल्मची डबी आहे, झाकणाला चीर पाडली की दोरी आत ढकलून गुंडाळता येईल.

भोरचा_बाळू
ताई हे खरं बोललीस. आमच्याकडं जाळ्याचं तुकडं बी तसंच पडत्यात, मी बी गोळा करीन म्हणतो.

दख्खनी
कर्वेरोडकर, सराव पानशेतला करताय तर एक सांगतो. तुमच्या आमिषाला बास नाही, पण खडकाळ वाहत्या जागी महसीर लागू शकतो. या माशाशी पुण्याचं जुनं नातं आहे. कर्नल साइक्सने १८३९ साली दख्खनी महसीरचं शास्त्रीय वर्णन छापलं, ते मुळा-मुठेच्या माशावरून, पुण्याच्या पूर्वेकडच्या पात्रातल्या. आज त्या पात्राकडे बघा. त्यामुळे लागलाच तर ओल्या हातांनी धरा, पाण्याबाहेर काढायचा वेळ कमीत कमी ठेवा आणि सोडा. तीनतोंडी गळाचे काटे पक्कडीने चेपून ठेवा, सोडवायला सोपं जातं. देहूला इंद्रायणीच्या डोहात गळ टाकायची तर कल्पनाही नको, तिथले मासे देवाचे.
आणि उन्हाळ्याच्या तोंडाला मरळ पिल्लांच्या लालसर घोळक्यावर राखण करताना दिसला तर त्याच्यापुढे आमिष फेकू नका. रागाने घेतो बिचारा, आणि तो गेला की घोळका इतर माशांच्या तोंडी जातो.

कर्वेरोडकर
दख्खनी, मनापासून आभार. महसीर मी आयुष्यात दोनदा पाहिलाय, दोन्ही वेळा सोडला. काटे आज रात्रीच चेपतो.
परवानगीचं काय? पानशेतला गेल्या वेळी एकाने हटकलं.

मुळशीकर
धरणातले मासे बहुतेक ठिकाणी सोसायटीला किंवा ठेकेदाराला दिलेले असतात. काठावरच्या गावात विचारून, पावती मिळत असेल तर घेऊन टाका. पावसाळ्यात, माशांच्या विणीच्या काळात, मनाई असते. खडकवासल्याला एनडीएच्या बाजूला पाय ठेवू नका.

भोरचा_बाळू
मी सोसायटीचा सभासद हाय. इचारून येणाऱ्याला आमी कधी नाय म्हणत नाय. चोरून येणाऱ्याला ओरडतो.

सायलीचा_बाबा
मध्येच येतोय, माफ करा. फ्लुरोकार्बन स्पिनिंग रिळावर भरलं की स्प्रिंगसारखं उसळून बाहेर येतं. दोनदा फेकलं की पक्ष्याचं घरटं. काकांचं रीळ २५०० आहे, त्यांना हे त्रास देणार नाही का?

शिवगंगा
देणार. फ्लुरोकार्बन ताठ असतं. रीळ काठोकाठ भरू नका, काठापासून दोन-तीन मिमी रिकामं ठेवा. भरताना दोरीची चकती जमिनीवर सपाट ठेवा, एक-दोन मीटर गुंडाळून थांबा, दोरी सैल सोडून बघा. पीळ पडत असेल तर चकती उलटी करा. ओल्या कापडातून दोरी चिमटीत धरून भरा. फेकल्यावर बेल (रिळावरची तारेची कमान) हाताने बंद करा, हँडल फिरवून नाही.

मुळशीकर
म्हणूनच मी म्हणतो, स्पिनिंग रिळावर मुख्य दोरी ब्रेडेड आणि पुढे फ्लुरोकार्बनचा लीडर. स्पूलवर आधी थोडं नायलॉन गुंडाळायचं, नाहीतर ब्रेडेड स्पूलवर घसरत राहते आणि ड्रॅग सैल आहे असं वाटतं.

दशांश
मुळशीकर, इथे तुमच्याशी पूर्ण सहमत. फक्त काकांच्या लांब ओठाच्या आमिषासाठी लीडर चार-पाच फुटांऐवजी आठ-दहा फुटी ठेवा. लीडर लांब असला की शेवटच्या भागात थोडा तरी लवचीकपणा मिळतो आणि दगडाला घासणारा भाग फ्लुरोकार्बनचा राहतो. आपल्या बेसाल्टच्या कडा चाकूसारख्या असतात, ब्रेडेडचे धागे एकेक करून सुटतात आणि वरून कळत नाही.
दर अर्ध्या तासाने शेवटचा हातभर भाग खालच्या ओठावरून फिरवा. बोटाला लागत नाही ते ओठाला लागतं. खडबडीत वाटलं की तोडा, पुन्हा बांधा. तुकडा मनीषा ताईंच्या डबीत.

सायलीचा_बाबा
गाठ?

दशांश
आमिषाला पालोमर, लीडरला डबल युनी. फ्लुरोकार्बनची गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाने तापून तिथेच कमजोर होते. आमिषाच्या कडीला जड स्विव्हल (फिरती कडी) लावू नका, डुगडुग मरते. बारीक गोल क्लिप चालेल.

भोरचा_बाळू
तंगूस येवढी काळजी मागत नाय.

डॅलसकर
बाळूदादा, तुमचं तंगूस कमी लेखू नका कोणी. इथले कित्येक जुने लोक उथळ क्रँकबेटला अजून नायलॉनच लावतात. ते ताणतं, गळाला माशाचं तोंड फाडू देत नाही, गाठ चांगली धरते, स्वस्त आहे. फक्त ते पाणी पितं आणि उन्हाने खराब होतं, म्हणून दर हंगामात बदलायचं.

भोरचा_बाळू
ऐकलं का मुळशीकर!

मुळशीकर
ऐकलं. भाटघरला आलो की तुमच्या तंगुसावर गळ टाकतो, कबूल.

कर्वेरोडकर
दहा दिवसांनी लिहितोय. दशांशने डेक्कनला चहाच्या टेबलावर माझ्या दोऱ्या मोजल्या. नायलॉन ०.४२ निघालं, फ्लुरोकार्बन ०.२७, ब्रेडेड ०.२४. ती मऊ असल्याने तिचा आकडा अंदाजे धरायचा, असं ते म्हणाले. त्यांनी त्यांच्याकडचं, मोजून ०.२८ भरणारं नायलॉनही दिलं.
मग पवनेला गेलो. गावात विचारलं, पावती घेतली, एका भावाची होडी घेतली. शिशाचं वजन दोरीला बांधून फुटाफुटावर गाठी मारल्या आणि खडकाचा एक सपाट कट्टा शोधला, पाण्याखाली ११ फुटांवर. तेच लांब ओठाचं आमिष, होडी नांगरलेली, फेक शक्य तितकी सारखी, रीळ सारखंच फिरवलेलं. प्रत्येक दोरीवर दहा-दहा फेका.
०.४२ च्या नायलॉनवर आमिष कट्ट्याला एकदाही लागलं नाही. ०.२८ च्या नायलॉनवर सहा वेळा लागलं, बोटाला गुबगुबीत धक्का कळायचा. फ्लुरोकार्बनवर आठ वेळा, आणि धक्का कोरडा, स्पष्ट. टक, टक, टक, मग कट्टा संपल्यावर मोकळं पोहणं. डोळे मिटून खडकाची कड कळत होती. ब्रेडेड आणि लीडरवर दहाच्या दहा वेळा लागलं, पण सातव्या फेकीनंतर लीडर ओठावरून फिरवला तर एके ठिकाणी बोचला. तोडून पुन्हा बांधला.
म्हणजे पानशेतला चुकत होती ती जाडी. ओठ काम करत होता, दोरी त्याला वर धरून ठेवत होती. दुकानदाराचं "जितकी मजबूत तितकी चांगली" मला का पटत नव्हतं, ते आता सांगता येईल.

दशांश
आठ आणि दहा यातला फरक दहा फेकांत धरू नका, पण शून्य आणि सहा यातला धरा. नीट केलंत काका.

कर्वेरोडकर
मान्य. तर ठरवलं ते असं. रिळाला दुसरा स्पूल घेतला. एकावर ब्रेडेड आणि दहा फुटी १२ पौंडी फ्लुरोकार्बन, लांब ओठासाठी. दुसऱ्यावर १२ पौंडी नायलॉन, चौकोनी ओठासाठी. डॅलसकरांनी १५-१७ चं फ्लुरोकार्बन सांगितलं, पण ते इतकं जाड २५०० च्या रिळावर मला झेपणार नाही असं वाटतं. खुंटांपाशी नायलॉन घासलं तर?

डॅलसकर
घासेल. दर पाच-सहा आपटींनंतर तपासा, पहिल्या ओरखड्याला तोडा. माझ्याकडे बेटकास्टिंग रीळ (आडव्या, फिरत्या स्पूलचं, जाड दोरी झेपणारं) आहे, १७ पौंडी भरलेलं. जावईबापूंना माझा नंबर द्या, एक दिवस मीही येतो फोर्कला. खुंटांचं काम त्या रिळावर करा, उघड्या पाण्याचं तुमच्या रिळावर.

शिवगंगा
काका, रॉड मऊ घ्या तिकडे. विसरू नका.

कर्वेरोडकर
मऊच. तुमच्या आमिषावरची ती कातडी डोळ्यांसमोरून जात नाही.

पवनाकाठची_मनीषा
आणि डबी?

कर्वेरोडकर
डबी बॅगेत, आमिषांच्या शेजारी. काटे चेपलेले, बुचं खोचलेली. बाळूदादा, उरलेलं ०.४२ चं तंगूस दीडशे मीटर आहे, कधी येऊ द्यायला?

भोरचा_बाळू
रविवारी या. मोजून ठिवलेलं तंगूस पहिल्यांदाच बघतोय.